शालेय ग्रंथपालांसाठी पुरस्कार सुरू करायचा आहे: निकष, पुरावे आणि परीक्षण कसं ठरवावं?

मुक्तद्वार (धागाकर्ता)

आमच्या शालेय ग्रंथपाल संघटनेने यंदापासून दरवर्षी उत्कृष्ट कामाचा गौरव करायचं ठरवलं आहे. सभासदांमध्ये दोन हजार मुलांच्या शाळेत मदतनिसासह काम करणारे ग्रंथपाल आहेत, तसेच दीडशे मुलांच्या शाळेत अर्धवेळ आणि एकट्याने सगळं बघणारेही आहेत. पहिल्या बैठकीत पुढे आलेले निकष असे: सेवेची वर्षं, एकूण ग्रंथसंख्या, वर्षभरातली देवघेव, साजरे केलेले दिवस आणि प्रदर्शनं, संगणकीकरण झालं आहे की नाही. हे असेच लावले तर मोठ्या शाळेतली, निवृत्तीला आलेली व्यक्ती दरवर्षी पहिली येणार, हे कागदावरच दिसतं. मुलांना खरोखर वाचतं करणारा ग्रंथपाल या चाळणीतून निसटेल.

म्हणून जाणकारांना विचारतो:

१. गौरव व्यक्तीचा करावा, ग्रंथालयाचा की एखाद्या कामाचा?
२. पुरावा म्हणून नेमकं काय मागवावं? फोटो आणि कात्रणांच्या जाडजूड फायली नको आहेत.
३. लहान आणि मोठ्या शाळा एकाच मापाने कशा मोजायच्या?
४. परीक्षक कोण असावेत, गुण कसे द्यावेत?

हाताशी तीन महिने आहेत. गुणांची विभागणी, अर्जाचा नमुना असं काही नेमकं मिळालं तर थेट वापरता येईल.

दाखलनोंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवा. एकाच पुरस्कारात व्यक्ती, ग्रंथालय आणि उपक्रम असं तिन्ही घातलं की प्रत्येक परीक्षक आपापल्या मनातल्या पुरस्काराला गुण देतो आणि निकालाला अर्थ उरत नाही. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने, म्हणजे एएएसएलने, हे वेगळं ठेवलं आहे. ‘नॅशनल स्कूल लायब्ररी ऑफ द इयर’ हा गौरव ग्रंथालयाचा आहे. ग्रंथपाल आणि शिक्षक यांनी मिळून केलेल्या कामासाठी दुसरा पुरस्कार आहे. ग्रंथालयाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शाळाप्रमुखासाठी तिसरा आहे. हा तिसरा सहसा कोणाला सुचत नाही, पण वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका राहते की गणिताला जाते, हे शाळाप्रमुखच ठरवतात.

तुम्ही मात्र पहिल्याच वर्षी तीन पुरस्कार सुरू करू नका. माझ्या मते दोन पुरेत. एक, गेल्या दोन ते तीन शैक्षणिक वर्षांतल्या कामासाठी, स्पर्धेने. दुसरा, दीर्घ सेवेचा सन्मान, स्पर्धेविना, ठरावीक वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला. सेवाज्येष्ठता अशी मानाने वेगळी काढली की पहिल्या पुरस्कारात तिला गुण द्यायची गरज राहत नाही, ज्येष्ठ मंडळींचाही अवमान होत नाही.

आता निकषांबद्दल. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शालेय ग्रंथालयांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१५ साली आली. ग्रंथपालाच्या भूमिका त्यात अशा धरल्या आहेत: अध्यापन, व्यवस्थापन, नेतृत्व आणि सहकार्य, शाळेबाहेरच्या समाजाशी नातं. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी एकट्या व्यवस्थापनाखाली येतात. अध्यापन त्यात कुठेच नाही, आणि शालेय ग्रंथपाल इतर ग्रंथपालांपेक्षा वेगळा ठरतो तो अध्यापनामुळेच.

ग्रंथसंख्या तर निकष म्हणून घातक आहे. दाखल नोंदवहीत १२,००० पुस्तकं आणि त्यातली निम्मी दहा वर्षांत एकदाही कपाटाबाहेर न आलेली, अशा ग्रंथालयाला तुम्ही जास्त गुण द्याल. जो ग्रंथपाल नेटाने छाननी करून जुनी पुस्तकं निर्लेखित करतो, म्हणजे नोंदवहीतून रीतसर काढतो, त्याची संख्या घटते, आणि तो मागे पडतो. विज्ञानाच्या कपाटासमोर उभे राहा आणि सूर्यमालेवरची पुस्तकं उघडून बघा. प्लूटोचं वर्गीकरण २००६ साली बदललं. नऊ ग्रह सांगणारी पुस्तकं अजून मुलांच्या हाती पडत असतील तर तिथे छाननी झालेली नाही. नकाशांच्या पुस्तकात सोव्हिएत संघ अखंड दिसला तर तीच गोष्ट.

ग्रंथसंख्येऐवजी हे विचारा: गेल्या तीन वर्षांत निदान एकदा तरी देवघेवीत गेलेली पुस्तकं एकूण संग्रहाच्या किती टक्के? विज्ञान-तंत्रज्ञान विभागातली किती टक्के पुस्तकं गेल्या दहा वर्षांत प्रकाशित झालेली? किती पुस्तकं काढली, कोणत्या कसोटीवर, मंजुरी कोणाची घेतली? छाननीच्या कसोट्या नव्याने शोधायला नकोत. ‘मस्टी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा चालतात: माहिती चुकीची झालेली, पुस्तक फाटकं-कळकट, त्याहून नवी आवृत्ती आलेली, मजकूर उथळ, या शाळेला गैरलागू, किंवा दुसरीकडे सहज मिळणारं. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा पहिला सिद्धांत १९३१ सालचा आहे. पुरस्काराचे निकष त्याच्या उलट जाऊ नयेत.

संगणकीकरणालाही वेगळे गुण देऊ नका. सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय बहुधा व्यवस्थापनाचा असतो. त्या नोंदींचा ग्रंथपालाने काय उपयोग केला, ते विचारा.

तासिका_आठवी

पुराव्यांबद्दल लिहितो. माझ्या मते पुरस्कार फसतात ते इथेच.

रॉस टॉड या अभ्यासकाने शालेय ग्रंथालयाच्या संदर्भात पुराव्यांचे तीन प्रकार मांडले, ते अर्जाच्या मांडणीला फार सोयीचे आहेत. कामाआधीचा पुरावा: हे काम हाती घ्यायचं कशावरून ठरवलं? काम चालू असतानाचा: मधल्या नोंदी बघून काय बदललं? कामाचा परिणाम दाखवणारा: मुलांमध्ये कोणता फरक पडला? बहुतेक अर्जांत यातलं काहीच नसतं. ‘अमुक उपक्रम राबवला, प्रतिसाद उत्स्फूर्त होता’ एवढंच असतं. अर्जात हे तीन प्रश्न थेट छापा.

आकड्यांकडे येऊ. देवघेवीचा एकूण आकडा एकटा कधीच घेऊ नका. समजा दोन शाळांत प्रत्येकी ६०० मुलं आहेत आणि वर्षाची देवघेव ९,०००, म्हणजे सरासरी दरडोई १५. पहिल्या शाळेत ५४० मुलांनी वर्षात निदान एक पुस्तक नेलं. दुसऱ्या शाळेत २०० मुलांनीच नेलं, ४०० मुलं ग्रंथालयाकडे फिरकलीच नाहीत. सरासरी तीच, काम जमीन-अस्मानाचं. म्हणून सक्रिय वाचकांची टक्केवारी, इयत्तावार फोड आणि मध्यक (मुलांना नेलेल्या पुस्तकांच्या चढत्या क्रमाने लावलं तर बरोबर मधल्या मुलाचा आकडा), हे तीन आकडे मागा. मध्यक यासाठी की दहा-पंधरा पुस्तकवेडी मुलं सरासरी वर ओढतात, मध्यकावर त्यांचा परिणाम होत नाही.

हे काढताना नेमकी चूक कुठे होते तेही सांगतो. सॉफ्टवेअरमधून देवघेवीची यादी काढली की त्यात फक्त पुस्तक नेलेली मुलं येतात. शून्यवाली मुलं त्या यादीत नसतातच. त्यामुळे टक्केवारी आणि मध्यक दोन्ही फुगतात. हजेरीपटावरची पूर्ण यादी घेऊन तिच्याशी जुळवणी करावीच लागते. त्याआधी चार गोष्टी वजा करायच्या: मुदतवाढ (काही प्रणालींत ती नवी देवघेव म्हणून मोजली जाते), शिक्षकांनी नेलेली पुस्तकं, वर्गासाठी एकगठ्ठा दिलेले संच, आणि पाठ्यपुस्तक पेढीची पुस्तकं. सॉफ्टवेअर मधेच बदललं असेल तर दोन्ही प्रणालींतला एकच महिना दोनदा मोजला गेला नाही ना, तेही तपासायचं.

हस्तलिखित नोंदवही असलेल्या शाळेला बाद करू नका. हजेरीपटावरचा दर दहावा विद्यार्थी घ्यायचा, ६०० मधून ६० होतील, आणि त्यांचीच वर्षभराची कार्डं तपासायची. दोन तासांचं काम आहे. एवढ्या नमुन्यावरून निघालेली टक्केवारी साधारण १२ ते १३ अंकांनी इकडे-तिकडे असू शकते, हे परीक्षकांना लेखी कळवा. म्हणजे ५२ वरून ५८ ही ‘वाढ’ कोणी वाढ समजणार नाही. ३० वरून ६० झाली तर ती खरी.

तुलनेचं आधारवर्ष नीट निवडा. शाळा बंद असलेल्या वर्षाशी तुलना केली तर कोणाचीही प्रगती डोळे दिपवणारी दिसेल. त्याच सत्राची त्याच सत्राशी तुलना करा. तासिकेला प्रत्येकाने पुस्तक घ्यायचंच अशी सक्ती सुरू केली असेल तर देवघेव एका महिन्यात तिप्पट होते आणि वाचन होतं तेवढंच राहतं. ‘या काळात देवघेवीचा नियम, तासिकांची संख्या किंवा एका वेळी मिळणाऱ्या पुस्तकांची मर्यादा बदलली का?’ हा प्रश्न अर्जात हवाच.

परीक्षेचे निकाल मागू नका. शालेय ग्रंथालयं आणि विद्यार्थ्यांची प्रगती यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत. संशोधक कीथ करी लान्स यांचा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला १९९३ सालचा अभ्यास त्यात सर्वांत परिचित. पण ते अनेक शाळा एकत्र घेऊन काढलेले सहसंबंध आहेत. एका शाळेचा निकाल चार टक्क्यांनी वाढला तो ग्रंथपालामुळे, असा दावा कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि असे दावे मागितले की लोक ते करतात.

अध्यापनाचा पुरावा म्हणजे मुलांचं काम. एका प्रकल्पाचा आराखडा, मुलांना दिलेली कार्यपत्रिका, आणि त्याच वर्गातली तीन कामं: एक उत्तम, एक मध्यम, एक कच्चं, नावं झाकून. फक्त उत्तम काम मागितलं तर हुशार मूल दिसतं, ग्रंथपालाचं काम दिसत नाही. मध्यम आणि कच्च्या कामात खरं शिकवणं उमटतं. संदर्भांची यादीच बघा. आधीच्या वर्षी प्रकल्पाखाली ‘माहिती: इंटरनेट’ एवढंच लिहिणारा वर्ग या वर्षी लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष लिहितो आहे, एकाच मुद्द्यासाठी दोन स्रोत ताडून बघतो आहे, टिपणं स्वतःच्या शब्दांत काढतो आहे, तर शिकवणं पोचलं. कच्च्या कामातही यातलं निदान एक दिसायला हवं.

आणि एक अट ठळक टाका: कोणत्या मुलाने कोणती पुस्तकं नेली याच्या नावानिशी याद्या जोडल्या तर अर्ज परत. वाचकाची नोंद खासगी असते, मूल आठ वर्षांचं असलं तरी. फोटो जास्तीत जास्त चार, चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती.

अर्ज चार पानांचा ठेवा. पहिलं पान माहितीपत्रक: पटसंख्या, ग्रंथपालाचे आठवड्याचे तास, मदतनीस, जागा, वार्षिक तरतूद. याला गुण नाहीत. पुढची दोन पानं निवेदन, ८०० शब्द. चौथ्या पानावर पुराव्यांची यादी, कमाल सहा जोडपत्रं, आणि प्रत्येकासमोर एक ओळ: यावरून काय दिसतं. निवेदनात ‘काय जमलं नाही आणि का’ यासाठी १०० शब्द राखून ठेवा. अनुभवी परीक्षक तोच परिच्छेद आधी वाचतो.

शेल्फमार्क

तिसरा आणि चौथा प्रश्न घेतो.

लहान आणि मोठ्या शाळांचे दोन गट लगेच पाडू नका. प्रत्येक गटात आठ-दहा तरी अर्ज येणार नसतील तर एका गटात जेमतेम काम जिंकतं. त्यापेक्षा वरच्या माहितीपत्रकातून परीक्षकांना एक आकडा काढून द्या: ग्रंथपालाचा वेळ दर विद्यार्थ्यामागे किती. तुमचीच उदाहरणं घेऊ. दीडशे मुलांच्या शाळेत ग्रंथपाल आठवड्याला १८ तास असेल तर १,०८० मिनिटं, म्हणजे मुलामागे ७.२ मिनिटं. दोन हजारांच्या शाळेत ४२ तास असतील तर २,५२० मिनिटं, मुलामागे सव्वा मिनिट. पूर्णवेळ मदतनीस धरला तरी अडीच मिनिटं. म्हणजे वेळेच्या हिशेबात मोठी शाळाच तंगीत आहे. लहान शाळेची अडचण वेगळी असते: संग्रह छोटा, तरतूद तुटपुंजी, आणि त्याच व्यक्तीकडे इतर दहा कामं. लहान म्हणजे बिचारी आणि मोठी म्हणजे सुखवस्तू हे आधीच धरून चालू नका.

गुणांची विभागणी मी अशी सुचवेन: मुलांच्या शिकण्यात सहभाग ३०, वाचनात झालेला बदल २५, संग्रह आणि तो सर्वांना खुला असणं २०, शिक्षक-शाळाप्रमुख-पालक यांच्यासोबतचं काम १५, आणि इतर शाळांना उचलता येईल असं काही आहे का यासाठी १०. संग्रहाच्या २० मध्ये दृष्टिहीन किंवा वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी काय आहे हे स्वतंत्रपणे बघा. ‘सर्वांना खुला’ हे शब्द नाही तर नुसते राहतात.

थेट ३० पैकी गुण देऊ नका. २१ आणि २३ मधला फरक कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक निकषाला ० ते ४ अशा पायऱ्या करा, प्रत्येक पायरीचं वर्णन लिहा आणि मग मिळालेल्या पायरीला ४ ने भागून त्या निकषाच्या गुणांनी गुणा. पहिल्या निकषाचा नमुना:

० – पुरावा नाही.
१ – शिक्षकांनी मागितल्यावर पुस्तकं काढून दिली.
२ – ग्रंथालयाची ओळख करून देणारे पाठ स्वतंत्रपणे घेतले, विषयाशी सांधा नाही.
३ – विषयशिक्षकासोबत आराखडा करून निदान एक घटक मिळून शिकवला, मुलांचं काम जोडलं आहे.
४ – असे घटक दोन किंवा अधिक इयत्तांत किंवा विषयांत, आणि पहिल्या खेपेच्या मुलांच्या कामावरून आराखड्यात बदल केलेला दिसतो.

वरच्या पायरीवर ‘उत्कृष्ट’, ‘अतिशय प्रभावी’ असं लिहू नका. परीक्षकाला कागदावर जे दाखवता येईल तेच लिहा.

परीक्षक पाच. दोन कार्यरत शालेय ग्रंथपाल, एक विषयशिक्षक, एक आजी किंवा माजी शाळाप्रमुख, एक ग्रंथालयशास्त्र शिकवणारी व्यक्ती. संघटनेचे पदाधिकारी मंडळात नसावेत. त्यांनी व्यवस्था पाहावी. ज्या परीक्षकाने गेल्या पाच वर्षांत अर्जदाराच्या शाळेत किंवा त्याच व्यवस्थापनाखाली काम केलं असेल, किंवा नातं असेल, त्याने त्या अर्जाला गुण द्यायचे नाहीत आणि त्या चर्चेच्या वेळी बाहेर बसायचं. इथे एक हमखास घोळ होतो: तक्त्यात त्याचा रकाना रिकामा राहतो, कोणीतरी तिथे शून्य भरतं किंवा बेरजेला पाचाने भागतं, आणि अर्जदार विनाकारण खाली जातो. उरलेल्या चौघांचीच सरासरी घ्या.

गुणांकन सुरू होण्याआधी दोन काल्पनिक अर्ज सगळ्यांनी तपासून एकत्र चर्चा करा. पायऱ्यांचा अर्थ तिथेच जुळतो. मग खरे अर्ज प्रत्येकाने एकट्याने तपासायचे आणि बैठकीआधी गुण पाठवून द्यायचे. बैठकीत बसून गुण दिले तर पहिल्या बोलणाऱ्याचे गुण सगळ्यांचे होतात. एका निकषात दोन परीक्षकांत दोन पायऱ्यांचा फरक असेल तेवढ्याचीच चर्चा करा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० मध्ये ठेवतो, दुसरा ४० ते ९० मध्ये. बेरीज केली की निकाल दुसराच ठरवतो. यावर साधा उपाय असा की प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे क्रम लावा आणि क्रमांची सरासरी बघा. गुणांचा निकाल आणि क्रमांचा निकाल वेगळा आला तर वरच्या दोन-तीन अर्जांवर पुन्हा चर्चा करा.

वरच्या चार जणांच्या शाळेला भेट द्या. दोन परीक्षक, दोन तास, सगळीकडे तीच प्रश्नावली. कपाटं बघा, देवघेवीची नोंद बघा, सहा मुलांशी बोला. मुलांशी बोलताना एखादे शिक्षक सोबत असावेत, ग्रंथपाल नसावेत. भेट शक्य नसेल तर व्हिडिओवर, पण मग चौघांचीही तशीच.

समान गुण आले तर पहिल्या निकषात जो पुढे तो, हे जाहिरातीतच लिहा. आणि १०० पैकी ६० च्या वर कोणीच नसेल तर त्या वर्षी पुरस्कार नाही, हीही तरतूद करा.

मुक्तद्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. पायऱ्यांची कल्पना आणि शून्यवाल्या मुलांचा मुद्दा बैठकीत मांडतो. तीन शंका उरल्या. एक, चांगलं काम करणारे अनेक जण अर्जच करत नाहीत, आणि केला तरी त्यांना लिहिता येत नाही; मग लेखनकुशल माणूस जिंकणार. दोन, संघटनेच्या संस्थापकांचं नाव पुरस्काराला द्यावं असा आग्रह आहे. तीन, मानपत्र आणि सन्मानचिन्ह यापलीकडे काय देता येईल?

पुठ्ठाबांधणी

अर्ज न करणाऱ्यांसाठी दोन टप्पे करा. आधी सुचवणी: एका पानाचा कागद, जो शिक्षक, पालक, आजी-माजी विद्यार्थी कोणीही भरू शकेल. त्यात एकच प्रश्न: ‘या ग्रंथपालांमुळे काय वेगळं झालं, एक प्रसंग नेमका सांगा.’ मग संघटनेने स्वतः त्या व्यक्तीशी संपर्क साधायचा. स्वतःचं नाव स्वतः सुचवायलाही मोकळीक ठेवा. एकट्याने काम करणाऱ्याचं काम दुसऱ्या कोणाला दिसलेलंच नसतं.

लिहिण्याच्या अडचणीवर उपाय म्हणजे तोंडी निवेदन. ठरावीक आठ प्रश्न, तीस मिनिटं, ध्वनिमुद्रण, आणि परीक्षक नसलेल्या कोणीतरी ते चार पानांच्या त्याच नमुन्यात उतरवायचं. ज्याला हवं त्याला ही सोय, न विचारता जाहीर केलेली. परीक्षकांपुढे जाताना सगळे अर्ज एकाच टंकात, एकाच मांडणीत जावेत, म्हणजे रंगीत मुखपृष्ठाचा प्रभाव पडत नाही. शिफारसपत्रं दोनच, प्रत्येकी ३०० शब्द: एक सोबत काम केलेल्या शिक्षकाचं, एक शाळाप्रमुखाचं. शिफारस करणाऱ्याला सूचना द्या की स्वभावाबद्दल लिहू नका, काय पाहिलंत ते लिहा. ‘कष्टाळू आणि मनमिळाऊ’ यावर कोणत्याच पायरीचे गुण देता येत नाहीत.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक जमतं: पहिले दोन नियम आणि पायऱ्यांचा तक्ता जाहीर करायला, पुढचे चार सुचवण्यांना, सातवा-आठवा अर्ज पुरे करायला, नववा छाननीला, दहावा गुणांकनाला, अकरावा भेटींना, बारावा निर्णयाला. पायऱ्यांचा तक्ता आधीच जाहीर करा. काय बघणार ते झाकून ठेवलं तर पुढच्या वर्षीचं काम सुधारत नाही. गौरवाचा दिवस ऑक्टोबरमध्ये ठेवता आला तर बघा. आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय संघटनेने १९९९ मध्ये शालेय ग्रंथालय दिन सुरू केला आणि २००८ पासून तो ऑक्टोबरभराचा महिना झाला. त्या महिन्यात शाळाही ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

नावाबाबत मी स्पष्ट सांगेन: पुरस्काराला व्यक्तीचं नाव देऊ नका. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं एक मानाचं पदक मेल्विल ड्यूई यांच्या नावाने होतं. दशांश वर्गीकरणाचा जनक, नावावर शंका कोण घेणार? पण त्यांचं वंशभेदी आणि ज्यूद्वेषी वर्तन आणि स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन यामुळे २०१९ मध्ये ते नाव काढायचा ठराव झाला. तुमच्या संस्थापकांबद्दल असं काही आहे असं मला अजिबात सुचवायचं नाही. पण नाव बदलायची वेळ आली की आधीच्या सगळ्या मानकऱ्यांच्या मानपत्रावर त्याची सावली पडते. संस्थापकांचं नाव वार्षिक व्याख्यानाला किंवा निधीला द्या. नाव द्यायचंच ठरलं तर हयात व्यक्तीचं नको, देणगीदाराचं नको, आणि दर दहा वर्षांनी फेरविचार होईल असं कलम घाला.

काय द्यावं? ग्रंथपालाला सर्वांत जास्त कमी पडतो तो वेळ. शाळेशी बोलून वर्षभर आठवड्याला दोन तासिका इतर कामांतून मोकळ्या करून मिळाल्या तर तो मोठा सन्मान आहे. पण हे शाळेकडून आधी लेखी घ्या. समारंभात दिलेला शब्द पुढच्या वेळापत्रकात राहत नाही. रोख रक्कम असेल तर दोन भाग करा: एक व्यक्तीला, दुसरा ग्रंथालयाला, आणि ग्रंथालयाचा भाग ग्रंथपालाच्याच निवडीने खर्च होईल अशी अट. नाही तर त्यातून शाळेचे पंखे येतात.

मानपत्राचा मजकूर मनावर घ्या. ‘ग्रंथालय क्षेत्रातील बहुमोल योगदानाबद्दल’ हे वाक्य कोणालाही लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा: ‘सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांसोबत स्रोत पडताळणीचा घटक दोन वर्षं शिकवून तो वेळापत्रकात कायम केल्याबद्दल, आणि कधीच पुस्तक न नेणाऱ्या मुलांचं प्रमाण निम्म्यावर आणल्याबद्दल.’ असं मानपत्र शाळाप्रमुख वाचतात तेव्हा आपल्या शाळेतला ग्रंथपाल काय करतो हे बऱ्याचदा त्यांना पहिल्यांदाच कळतं.

न निवडलेल्या प्रत्येकाला तीन आठवड्यांत अभिप्राय पाठवा: दोन ओळी काय भक्कम होतं, दोन ओळी काय कमी पडलं, कोणत्या निकषात कोणती पायरी. एवढं काम करून अर्ज पाठवणाऱ्याला मौन मिळालं तर तो पुन्हा अर्ज करत नाही, इतरांनाही सांगतो.

दाखलनोंद

शेल्फमार्क यांच्या विभागणीत एक दुरुस्ती सुचवतो. वाचनातला बदल फक्त देवघेवीवरून मोजला तर संदर्भ विभाग, नियतकालिकं आणि ग्रंथालयात बसून वाचणारी मुलं सुटतात. घरी पुस्तक न्यायची परवानगी नसलेल्या मुलांचं सगळं वाचन तिथेच होतं. प्रत्येक सत्रात एक आठवडा ठरवा आणि त्या आठवड्यात टेबलावरची पुस्तकं मुलांना परत कपाटात ठेवू देऊ नका. मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटल्यावर, दिवसातून दोनदा, मोजून नोंदवा आणि मग लावा. परीक्षेचा आणि स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळा. हा आकडा देवघेवीत मिसळायचा नाही, शेजारी स्वतंत्र मांडायचा, कारण एकच पुस्तक दिवसात पाच जणांनी चाळलं तरी ते एकदाच मोजलं जातं.

आणि मानकऱ्याला पुढची तीन वर्षं अर्ज बंद ठेवा, पण दुसऱ्या वर्षी परीक्षक मंडळात घ्या. ज्याच्या कामाचा पुरावा तपासला गेला आहे त्याला दुसऱ्याचा तपासताना नेमकं काय शोधायचं ते कळतं. त्याचा अर्ज, आराखडा आणि कार्यपत्रिका क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारा खुला परवाना) सर्व सभासदांना खुल्या करा. तशी संमती अर्जाच्या पहिल्या पानावरच घ्या, कारण निकालानंतर मागितली तर कार्यपत्रिका कोणाची, शिक्षकाची की ग्रंथपालाची, हा वाद निघतो. दोघांची सही आधीच असली की प्रश्न उरत नाही.